उसाची शेवटची आंघोळ

माणसावर पटकन विश्वास ठेवायचा नाही, हे मला नोकरीनं शिकवलं. मी जिंतूर आगारात कंडक्टर आहे. तिसरीत जाणारं पोरगं तिकिटाच्या वेळी आईच्या मांडीवर बसून चार वर्षांचं होतं आणि परभणीला उतरणारा माणूस बोरीचं तिकीट काढून गाढ झोपी जातो, हे मी रोज बघतो. त्यामुळे माझा स्वभाव जरा खवचट झालाय असं घरचे म्हणतात. असेल. पण आमच्या शेजारच्या नर्मदाकाकूंनी गुळाचा खडा जिभेवर ठेवून "हे चांगलं हाय" म्हटलं की मीसुद्धा पुढे एक शब्द विचारत नसे.

आमचं गाव येलदरी धरणाच्या खाली, पूर्णेच्या काठावर. जमीन काळी, भारी. नदीवर सात-आठ घरांची मिळून एक सामाईक मोटार आहे, तिचं पाणी पाळीपाळीनं शेतात जातं, आणि त्या पाण्यावर थोडा ऊस होतो. कारखान्याला जातो तो जातो, उरलेला काकूंच्या गुऱ्हाळात येतो. नवरा गेल्यापासून गुऱ्हाळ त्याच चालवतात. रस उकळून गूळ करण्याचं कसब आबासाहेबांचं. नावावर जाऊ नका, आबासाहेब म्हणजे फाटक्या बनियनवर भट्टीसमोर उभा राहणारा आणि दिवसभर कुणावर तरी खेकसणारा आमचा गुळव्या. पण गूळ उतरल्यावर तो कसा झाला हे सांगायचं काम काकूंचं. तिथे आबासाहेबही गप्प.

काकूंचं वय साठीच्या पुढे. अंगानं काटक, चालणं भरभर, आणि डोक्यात सदा एक 'कामून', म्हणजे 'का बरं', घोळत असलेला. शाळा चौथीपर्यंत. एकदा माझ्याच गाडीत मागच्या सीटवर बसल्या होत्या. उतरताना मला म्हणाल्या, "सिद्धोधन, गाडी म्होरं पळायली, धूळ तर चाकानं उडून मागं जायली. मग ती मागच्या खिडकीतून परत आत कामून यायली?" मी म्हणालो, "काकू, उतरा, मागे लोक खोळंबलेत." त्या उतरल्या, पण प्रश्न माझ्या गाडीतच राहिला. सतरा वर्षांच्या नोकरीत मी ती धूळ खाल्ली होती, पण विचार म्हणून केला नव्हता. पुढच्या खेपेला त्या ओला रुमाल घेऊन आल्या, एक मागच्या खिडकीला बांधला, एक पुढच्या, आणि जिंतूर आल्यावर दोन्ही सोडून मला दाखवले. मागचा काळा, पुढचा बराच स्वच्छ. उत्तर नव्हतं मिळालं, पण बाई केवढ्या खूश होत्या.

अशा बाईनं एकाच गोष्टीला आयुष्यात कधी कामून विचारलं नव्हतं, ती म्हणजे उसाची आंघोळ.

आंघोळ म्हणजे काय ते सांगतो. ऊस तोडायला आला की त्याला शेवटचं भरपूर पाणी द्यायचं, नुसतं पाणी, खताचा कण नाही. वर्षभर युरिया, पोटॅश खाऊन उसाच्या अंगात खार भरलेला असतो, तो ह्या पाण्यानं धुऊन खाली मुळांवाटे जमिनीत जातो आणि गूळ निर्मळ होतो, अशी आमच्याकडची समजूत. आंघोळ न घातलेल्या उसाचा गूळ आधी गोड लागतो, पण गिळल्यावर जिभेच्या मागच्या अंगाला एक खारट कडसरपणा रेंगाळतो. निदान काकूंना तो लागायचा. आंघोळीच्या गुळाच्या ढेपांवर पळसाचं पान ठेवायचं, त्या ढेपा बाळंतिणीला, लग्नाला, देवाला जायच्या. बाकीच्या नुसत्या बाजाराला. कुठल्या ढेपेवर पान ठेवायचं हे काकूंची जीभ ठरवायची, आणि ती कधी चुकली असं कुणी ऐकलं नव्हतं. ज्यांनी पाण्यात टाळाटाळ केली त्यांचा गूळ त्या बरोबर पकडायच्या. मी तिकीट चुकवणारे पकडतो त्यापेक्षा सफाईनं.

ह्याच जिभेपायी त्यांचा भाऊ तुटला.

महारुद्र त्यांचा धाकटा भाऊ. माहेर शिवेपलीकडेच, मोटार तीच, गुऱ्हाळ हेच. आठ-नऊ वर्षं झाली असतील, महारुद्रच्या लेकीचं लग्न होतं आणि लग्नाच्या बुंदीला नाही, पण नवऱ्याकडच्या शिदोरीला आणि देवाला पानाच्या ढेपा पाहिजे होत्या. त्यानं ऊस आणला, गूळ झाला, काकूंनी चाखला. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "रुद्रा, ह्याला आंघोळ न्हाई." तो म्हणाला, दिली. त्या म्हणाल्या, न्हाई दिली. शब्दानं शब्द वाढला. आई त्या वेळी त्याच्या घरी अंथरुणाला खिळून होती. त्यानं भट्टीवर हात धरला आणि आईची शपथ घेतली. काकू म्हणाल्या, "शपत घेऊन गूळ बदलत नसतो. खोटं बोलायलास तू." महारुद्र ढेपा तिथेच टाकून निघून गेला. आई त्याच उन्हाळ्यात गेली, तेव्हा बहीणभाऊ एकाच अंगणात दोन टोकांना उभे होते. पुढे त्यानं जमीन बटईनं लावली आणि पालमला मुलाच्या दुकानामागे राहायला गेला. तेव्हापासून ना राखी, ना भाऊबीज. दिवाळीत काकू ओवाळणीचं ताट करायच्या आणि चंद्राला ओवाळून आत ठेवून द्यायच्या. मी शेजारी, मला दिसायचं. वाईट वाटायचं, पण चूक त्याची आहे असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं, कारण जीभ काकूंची होती.

गेल्या हंगामात काकूंच्या मुलानं, गोपाळनं, पहिल्यांदा तोंड उघडलं. नदीला पाणी कमी होतं आणि त्याला उन्हाळी भुईमूग करायचा होता. तो म्हणाला, "आई, तोडायला आलेल्या उसाला पाणी पाजून काय फायदा? मोबाइलवर बगितलं मी. लोकं तोडायच्या आदी पाणी बंद करायलेत. ऊस ताणावर ठेवला की गोडी वाढती म्हणं. आपण उलटं करायलोत."

"आन खार कुठं जाईल?"

"खार-बिर काय नसतंय. जे अंगात गेलं ते गेलं. मानसाला आंघोळ घातली म्हून त्याच्या पोटातलं जेवण धुऊन निघतं का?"

हे त्यानं बोलायला नको होतं, किंवा हेच बोलायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता कुंपणावरून मला म्हणाल्या, "सिद्धोधन, गोपाळचं डोक्यातून जाईना गेलंय. मी काय चाखत आलेय इतके दिस?"

मी म्हणालो, "काकू, तुमची जीभ कधी चुकली नाही."

"चुकली न्हाई हे तू कशावरून म्हणायलास? मी म्हणते आंघोळ न्हाई, समोरचा मान खाली घालतो. पर मी कदी डोळे झाकून चाखलंय का? कुणाच्या रानाला पाणी चाललंय, कुणाच्या न्हाई, हे गावात रोज दिसतंय की मला." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "रुद्रानं आईची शपत घेतली होती रे. मी चुकले असले तर?"

त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती बघितली. एवढ्या वर्षांत भाऊ खोटा ह्या एका खात्रीवर त्या तग धरून होत्या. ती खात्री आता त्यांनी स्वतःच्या हातानं उकरायला घेतली होती, आणि त्यांचा स्वभाव असा की एकदा उकरायला लागल्या की थांबणार नाहीत.

ठरलं असं. ऊस एकच, खत एकच, लावण एकाच दिवशीची. मधून बांध घालायचा. नदीकडच्या अर्ध्याला आंघोळ, वरच्या अर्ध्याला थेंब नाही. गूळ दोन्हीचा वेगळा करायचा आणि काकूंनी डोळे मिटून चाखायचा. गोपाळनं एक अट घातली, "दोन्ही ऊस एकाच दिशी तोडायचे. एक आज, एक महिन्यानं, असलं काही चालणार न्हाई. मग म्हणशील ह्याला ऊन जास्त लागलं, त्याला थंडी."

काकूंनी मान्य केलं. मान्य करताना त्यातली अडचण कुणाच्याच लक्षात आली नाही. आली ती तोडायच्या दिवशी.

आमच्या काळ्या रानाला भरपूर पाणी दिलं की ते पंधरा-वीस दिवस कुणाला आत येऊ देत नाही. बैलाचे पाय पोटरीपर्यंत रुततात, ट्रॅक्टर तर विचारूच नका. म्हणून आंघोळ घातली की सगळेजण रान वाळून तडे जाईपर्यंत थांबतात आणि मगच गाडी घालतात. ह्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण आता एकाच दिवशी तोडायचं होतं, आणि कोरड्या रानाच्या हिशेबानं गोपाळनं आंघोळीनंतर चौथ्याच दिवशी मजूर सांगून ठेवले होते. वरचा ऊस आरामात बैलगाडीत गेला. खालचा ऊस चिखलातून मोळ्या बांधून डोक्यावर आणावा लागला. त्या दिवशी माझी सुट्टी होती, म्हणजे माझं नशीब फुटकं होतं. माझी एक चप्पल त्या रानानं गिळली ती अजून परत दिली नाही. एकेक काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, भरेल एवढाच ऊस आम्ही दोन्हीकडून आणला आणि बाकीचा तसाच उभा ठेवला. मोळ्या वाहणाऱ्या मजुरांनी काकूंकडे असं बघितलं की, म्हातारीचं काही खरं नाही.

आबासाहेबांनी दोन्ही रस एकाच काहिलीत, मध्ये काहील घासून, सारख्याच जाळावर आटवले. ते सारखं पुटपुटत होते, "माझ्या बापाच्या बापानं असली थेरं केली न्हाईत." गूळ थंड झाल्यावर काकूंची सून अर्पिता दोन वाट्यांत खडे घेऊन आली. कुठल्या वाटीत कुठला, हे फक्त तिला माहीत. काकू डोळे मिटून पाटावर बसल्या. भोवती आम्ही, आणि चिखलातून मोळ्या आणलेले सगळे मजूर, कारण आपण एवढं कशासाठी मेलो हे त्यांनाही बघायचं होतं.

पहिला खडा. काकूंनी तो टाळूला लावून विरघळू दिला, गिळला, थांबल्या. "ह्याला आंघोळ न्हाई."

पाण्यानं चूळ भरली. दुसरा खडा. तसंच, सावकाश. कपाळाला आठी पडली. "ह्यालाबी न्हाई."

अर्पिता हळूच म्हणाली, "आत्याबाई, एकाला तरी हाय की. तुमीच पाणी सोडलंय."

त्यांनी पुन्हा चूळ भरली, पुन्हा चाखलं. उत्तर तेच. मग आम्हाला चाखायला लावलं. मी डावी वाटी आंघोळीची म्हणालो, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. आबासाहेब उजवी म्हणाले, कारण मी डावी म्हणालो होतो. गोपाळला तर दोन्ही नुसते गोड लागले. मजुरांत कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. गोपाळही हसला, पण आईकडे बघून थांबला.

काकू हसल्या नाहीत आणि रडल्याही नाहीत. त्या डोळे उघडून त्या दोन वाट्यांकडे बघत म्हणाल्या, "पाणी मी डोळ्यानं बगितलं. म्हंजे पाणी दिलेला गूळबी मला बिनआंघोळीचा लागतो." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "तसाच रुद्राचा लागला असंल."

मला वाटलं, संपलं. आता बाई पालमला जाणार, भावाचे पाय धरणार आणि आपण सगळे मोकळे. पण गोपाळ उरलेला सुका ऊस तोडायला माणसं लावायला निघाला तेव्हा काकूंनी त्याला अडवलं. "थांब. दोन्हीकडचा उभा राहू दे. खारट लागतंय ते खरं हाय, ती काय माझी कल्पना न्हाई. मग इतके साल जे खारट लागत न्हवतं, ते कशानं? ते मला कळू दे."

हे त्यांनी केलं नसतं तर मी ही गोष्ट सांगत बसलो नसतो.

त्यानंतर रोज सकाळी काकू कोयता घेऊन शेतात जायच्या आणि दोन्हीकडचं एकेक कांडं चघळत बांधावर बसायच्या. मला ड्यूटीवर जाताना दिसायच्या. कधी मलाही एक कांडं देऊन विचारायच्या, "काल वाणी हाय का येगळं हाय?" मी म्हणायचो, काकू, मला कालचं जेवणही आठवत नाही. लोक म्हणायला लागले की भावाच्या नावानं बाईनं हाय खाल्ली. मला मात्र तसं वाटलं नाही. भीती होती त्यांच्या चेहऱ्यावर, पण ओला रुमाल घेऊन आलेल्या दिवशीचा उजेडही होता.

तीनेक आठवड्यांनी खालचं रान वाळलं, तडे गेले, गाडी आत गेली. पुन्हा दोन काहिली, पुन्हा आबासाहेबांची कुरकुर, पुन्हा अर्पिताच्या वाट्या. ह्या वेळी बघायला फारसं कुणी नव्हतं.

काकूंनी पहिला खडा चाखला. "आंघोळ झालीय." दुसरा चाखला. गिळला, जीभ फिरवली, बोटानं वाटीतला आणखी एक कण उचलून ठेवला. "हीबी झालीय."

"एका उसाला थेंब न्हाई दिला, आई," गोपाळ म्हणाला.

"ठावं हाय मला." आणि बाई पाटावरून उठल्या, त्या वयात, हात न टेकता. "पाण्यानं काही होत न्हाई रे. थांबल्यानं होतंय. आंघोळ घातली की चिखल व्हतो, चिखल झाला की गाडी घालता येईना, म्हून मानूस थांबतो. तेवढ्या दिसात ऊस पिकतो. ज्यानं पाणी दिलं न्हाई त्याचं रान कोरडं, तो लगीच तोडतो. कच्चा. मला कच्चा आन पिकला कळत व्हता, आन मी म्हणत व्हते आंघोळ कळती."

मला आठवलं, खरंच आठवलं, की पाणी चुकवणारे सगळे घाईचेच लोक होते.

आबासाहेब भट्टीच्या कडेवर बसले. "म्हंजे माझ्या बापापासून आमी चिखलालाच पाणी पाजलं म्हणायचं," ते म्हणाले.

"आन माझं?" गोपाळनं विचारलं. "ताण दिला की गोडी वाढती ते?"

"तुझंबी दिसंना गेलंय. दोन्ही सारखेच लागायलेत. पर एका सालाचं हाय हे. पुढल्या साली परत बगू." काकूंनी मुलाला अर्धं जिंकू दिलं आणि अर्धं हरवलं. गोपाळला भुईमुगासाठी पाणी मिळणार होतं, तो खूश होता. पण काकू आत गेल्या आणि लुगड्यांच्या घड्यांतून चांगलं लुगडं काढून माझ्याकडे आल्या. "तुझी सुट्टी कवा हाय? पालमला जायचंय. एकटीनं माझ्यानं जाववणार न्हाई."

मी रजा टाकली. माझ्यासारख्या माणसानं रजा टाकली म्हणजे मला किती वाटत होतं ते समजा.

जिंतूरहून परभणी, तिथून गंगाखेड, मग पालम. वाटभर काकू एकच हिशेब मांडत होत्या. रुद्राच्या घरी लग्न होतं. लग्नाची घाई. म्हणजे त्यानं पाणी दिलं असणार, पण वाळायला थांबला नसणार, आम्ही आणल्या तशा मोळ्या डोक्यावर आणून कच्चा ऊस गुऱ्हाळात टाकला असणार. पाणी दिलं होतं, गूळ मात्र कच्चा. "पोरगं खरं बोलत होतं आन मी चार मानसांत त्याला खोटं पाडलं. आईची शपत घेतली तरी ऐकलं न्हाई. आई गेली तवाबी त्याच्याजवळ गेले न्हाई." पोरगं म्हणजे पंचावन्न वर्षांचा महारुद्र. गंगाखेडच्या स्टँडवर मी चहा आणला, तो त्यांच्या हातात गार झाला.

पालमला दुकान सापडायला वेळ लागला नाही. मागच्या बाजूला दोन खोल्या आणि समोर पत्र्याची सावली. महारुद्र सावलीत खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. केस पार पांढरे झाले होते. बहिणीला बघून तो उठला, पण पुढे आला नाही. आतून त्याची बायको तानुबाई आली, काकूंना बघून तिनं पदर तोंडाला लावला आणि दारातच उभी राहिली.

काकूंनी बसायची वाट बघितली नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: दोन वाट्या, चिखल, थांबणं, पिकणं. आणि शेवटी, "रुद्रा, तू पाणी दिलतंस. तू खरा व्हतास. मी चुकले. तुझ्यावर मी लय मोठा आळ घेतला."

महारुद्र परत खाटेवर बसला. हातातली शेंग बोटांनी चुरडत राहिला. मला वाटलं हा आता बोलेल, रागावेल, काहीतरी मोठं म्हणेल. तो म्हणाला, "अक्का, पाणी दिलंच न्हवतं मी."

तानुबाईनं डोळे मिटले. तिला माहीत होतं.

"आपली पाळी व्हती तवा मी परभणीला लग्नाचे कपडे घ्यायला गेलतो. आलो तवर पाळी दुसऱ्याला गेली. लग्न तोंडावर. म्हणलं, एका साली आंघोळ न्हाई घातली तर काय व्हतंय, तसाच तोडला. तुला कळंल असं वाटलं न्हवतं. कळलं. मग समद्यांसमोर माघार घेता येईना गेली, तोंडातून आईची शपत गेली. खोटी. आन आई गेली. वैशाखात गेली. मीच खाल्ली तिला. तुझ्या म्होरं कोण्या तोंडानं येऊ? आठ साल झाले, मी जेवायला बसलो की मला ते आठवतंय. तू समजायलीस मी रागानं आलो न्हाई. राग कसला, अक्का."

मी ह्या नोकरीत पुष्कळ खोटं ऐकलंय. खोटं एवढे दिवस एवढं जड वाहणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही.

भाऊ खरा ठरला म्हणून एवढ्या लांब आलेली बाई, आणि भाऊ समोर सांगत होता की मी खोटाच. मला वाटलं आता बाई उलट्या पावली फिरणार. पण त्या खाटेवर त्याच्या शेजारी बसल्या आणि नेहमीच्या आवाजात, शेतातल्या कांड्याबद्दल विचारावं तशा, विचारायला लागल्या.

"आई कवापासून झोपून व्हती?"

"दिवाळीपासून."

"डॉक्टरनं काय सांगितलं व्हतं?"

"उन्हाळा काढणार न्हाई म्हणलं व्हतं."

"तुझ्या शपतीच्या आदी का मागून?"

महारुद्र विचारात पडला. "आदी. संक्रांतीला."

"मग?" काकूंनी त्याच्या हातातली चुरडलेली शेंग काढून घेतली. "पाणी आदी द्यायचं, गोडी मागून यायची, म्हून मी जलमभर म्हणत आले की पाण्यानंच गोडी आली. आदी आलं आन मागून झालं, एवढ्यावर मी चार मानसांना खोटं ठरवलं असंल. तूबी तेच करायलास. शपत आदी आली, आई मागून गेली. तिचे दिस भरले व्हते, रुद्रा. तू खोटं बोललास ते बोललास. पर आई तुझ्यानं न्हाई गेली."

तो लहान पोरासारखा हमसून रडला. तानुबाई आतून पाणी घेऊन आली आणि तांब्या हातातच धरून उभी राहिली. काकू त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि आता त्यांचाही पदर डोळ्यांना लागला होता.

"तू खोटं बोलायलास हे मला त्या दिशी कळलं व्हतं," त्या म्हणाल्या. "गाडीतल्या धुळीला, गुळाला, कोंबडीच्या अंड्याला, समद्याला कामून कामून करत फिरले. माझा भाऊ कामून खोटं बोलायलाय, एवढं एक विचारलं न्हाई मी."

महारुद्रनं तोंड पुसलं. "विचारलं असतंस," तो म्हणाला, "तर सांगितलं असतं की."